कच्चा व्हेगन आहार : स्निग्ध पदार्थ किती, कोणते आणि कसे घ्यावेत?

"डॉक्टर, दूध-तूप सोडले, तळलेले सोडले, घरात फोडणीसुद्धा होत नाही. तरी कोलेस्टेरॉल वाढलेच कसे?"

कच्चा व्हेगन आहार घेणाऱ्यांकडून हा प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतो. त्याच दवाखान्यात याच्या अगदी उलट तक्रारही येते. वजन सहा महिन्यांत भराभर उतरलेले असते, केस गळतात, थंडी सहन होत नाही आणि तरुण मुलीची पाळी दोन-तीन महिने आलेली नसते. आहाराचे नाव दोघांचेही एकच असते. फरक असतो तो ताटातल्या स्निग्ध पदार्थांचा. एकाच्या ताटात ते नकळत फार होतात आणि दुसऱ्याच्या ताटातून जवळजवळ नाहीसे होतात.

हा आहार तुम्ही सुरू केला असेल किंवा घरातले कोणी घेत असेल, तर पुढील माहिती शांतपणे वाचा. थोडा हिशेब आहे, पण तो स्वयंपाकघरातला चमचा आणि मूठ घेऊनच करायचा आहे.

कच्चा व्हेगन आहार म्हणजे नेमके काय?

व्हेगन आहारात मांस, मासे, अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि बहुतेक वेळा मधही वर्ज्य असतो. कच्च्या व्हेगन आहारात त्यापुढे आणखी एक नियम येतो, तो म्हणजे अन्न शिजवायचे नाही. साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले काही खायचे नाही, अशी मर्यादा बहुतेक जण पाळतात. मग उरतात ती फळे, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, सुकामेवा, तेलबिया, ओला नारळ आणि घाण्याचे तेल.

मेदाचा तोल इथेच का बिघडतो?

आपल्या नेहमीच्या जेवणात निम्म्याहून अधिक ऊर्जा भाकरी, पोळी, भात आणि डाळ यांतून येते. हे पदार्थ शिजवल्याशिवाय खाता येत नाहीत, त्यामुळे कच्च्या आहारात ते एकदम बाद होतात. ती मोठी पोकळी भरून काढायला दोनच गोष्टी उरतात, गोड फळे आणि सुकामेवा-तेलबिया.

भाज्यांनी पोट भरते, पण ऊर्जा मिळत नाही. एक किलो काकडीत जेमतेम १५० कॅलरी असतात आणि मेद जवळजवळ नसतो. याउलट साठ ग्रॅम काजू, म्हणजे दोन मुठी, यांत ३३० कॅलरी आणि सुमारे २६ ग्रॅम मेद असतो. डोळ्यांना ताट हिरवेगार दिसते, पण ऊर्जेचा हिशेब केला तर निम्मी ऊर्जा त्या दोन मुठींतून आलेली असू शकते. कारण साधे आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदातून ९.

शरीराला मेद हवा कशासाठी?

मेद म्हणजे केवळ चरबी वाढवणारी गोष्ट नव्हे. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाचे असते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात, त्यामुळे ती आतड्यातून रक्तात शोषली जाण्यासाठी जेवणात थोडा मेद असावा लागतो. गाजर, पालक, टोमॅटो यांतील रंगद्रव्यांचेही तसेच आहे. अजिबात मेद नसलेल्या कोशिंबिरीतून ती फार थोडी शोषली जातात. आजी गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट घालत असे, त्यात चवीइतकाच शरीराचाही फायदा होता.

लिनोलिक आम्ल (ओमेगा-६) आणि अल्फा लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३) ही दोन मेदाम्ले आपले शरीर बनवू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

दिवसाला किती मेद योग्य?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी एकूण ऊर्जेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी ऊर्जा मेदातून घ्यावी आणि संपृक्त मेद १० टक्क्यांच्या आत ठेवावा. खालची मर्यादाही आहे. बहुतेक प्रौढांसाठी ती १५ टक्के, तर मूल होण्याच्या वयातील स्त्रिया आणि वजन कमी असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी २० टक्के मानली जाते.

दिवसाला १८०० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी याचा अर्थ असा :

- किमान (१५ टक्के) : ३० ग्रॅम
- स्त्रियांसाठी आणि कमी वजनाच्या व्यक्तींसाठी किमान (२० टक्के) : ४० ग्रॅम
- कमाल (३० टक्के) : ६० ग्रॅम
- त्यात संपृक्त मेद : २० ग्रॅमच्या आत

म्हणजे सर्वसाधारणपणे ४० ते ६० ग्रॅम हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. तुमची उंची, काम, वय आणि आजार यांनुसार आहारतज्ज्ञ हा आकडा कमी-जास्त करू शकतात.

कशात किती मेद? (अंदाजे)

- शेंगदाणे, एक मूठ (३० ग्रॅम) : १४ ग्रॅम
- बदाम, एक मूठ (३० ग्रॅम) : १५ ग्रॅम
- काजू, एक मूठ (३० ग्रॅम) : १३ ग्रॅम
- अक्रोड, एक मूठ (३० ग्रॅम) : २० ग्रॅम
- तीळ, एक मोठा चमचा (९ ग्रॅम) : ४.५ ग्रॅम
- जवसाची पूड, एक मोठा चमचा (७ ग्रॅम) : ३ ग्रॅम
- खवलेला ओला नारळ, ३० ग्रॅम : १० ग्रॅम (त्यातला ९ ग्रॅम संपृक्त)
- सुके खोबरे, ३० ग्रॅम : १९ ग्रॅम (बहुतेक सगळा संपृक्त)
- नारळाचे घट्ट दूध, १०० मिली : २४ ग्रॅम (त्यातला सुमारे २१ ग्रॅम संपृक्त)
- अॅव्होकॅडोचा गर, १०० ग्रॅम : १५ ग्रॅम
- कोणतेही तेल, एक मोठा चमचा : १३ ते १४ ग्रॅम

शेवटची ओळ पुन्हा वाचा. लाकडी घाण्याचे तेल असो की बाजारातले रिफाइंड, तेल म्हणजे शंभर टक्के मेद. घाण्याच्या तेलाला चव आणि वास चांगला असतो, पण त्यातल्या कॅलरी कमी होत नाहीत.

मेद जास्त होतो तो असा

एक दिवस पाहू. सकाळी नारळाचे १०० मिली घट्ट दूध घालून केलेली फळांची स्मूदी, २४ ग्रॅम. मधल्या वेळी खजूर-काजू-खोबऱ्याचे दोन लाडू, सुमारे २० ग्रॅम. दुपारी मोठी वाटी भरून सॅलड, वर दोन मोठे चमचे घाण्याचे तेल, २७ ग्रॅम. संध्याकाळी भिजवलेले मूठभर शेंगदाणे, १४ ग्रॅम. एकूण ८५ ग्रॅम. १८०० कॅलरींच्या दिवसात ही ऊर्जा ४२ टक्के होते.

त्या दिवशी या व्यक्तीने 'तेलकट' काहीच खाल्लेले नसते. पण नारळाच्या दुधातूनच संपृक्त मेदाची २० ग्रॅमची मर्यादा ओलांडली गेली आहे. "नारळात कोलेस्टेरॉल नसते" हे अगदी खरे आहे. कोणत्याच वनस्पतीजन्य पदार्थात ते लक्षात घेण्याइतके नसते. पण रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल आपले यकृत तयार करते आणि आहारात संपृक्त मेद वाढला की यकृताकडून ते रक्तातून कमी प्रमाणात उचलले जाते. म्हणून तूप सोडून त्याच्या जागी वाटीवाटीने नारळ सुरू केला, तर रिपोर्टमधला आकडा खाली येण्याऐवजी वर जाऊ शकतो.

याचा अर्थ कोकणातल्या माणसाने नारळ सोडावा असा नाही. कोशिंबिरीवर दोन चमचे खवलेला नारळ आणि रोज नारळाच्या दुधाचा पेला, यांत फार मोठे अंतर आहे.

मेद कमी पडतो तो असा

दुसऱ्या टोकाला '८०-१०-१०' नावाची पद्धत आहे. अमेरिकेतील डग्लस ग्रॅहम यांच्या पुस्तकामुळे ती प्रसिद्ध झाली. ८० टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून, म्हणजे मुख्यतः फळांतून, १० टक्के प्रथिनांतून आणि १० टक्के मेदातून घ्यायची. १८०० कॅलरींच्या हिशेबाने हा मेद फक्त २० ग्रॅम होतो, म्हणजे वर दिलेल्या किमान मर्यादेच्याही खाली.

याच्या समर्थनार्थ काही जण डॉ. डीन ऑर्निश यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या हृदयविकारावरील अभ्यासाचा दाखला देतात. त्यात मेद सुमारे १० टक्के होता हे खरे. पण तो आहार कच्चा नव्हता, त्यात धान्ये आणि कडधान्ये शिजवून खाल्ली जात होती, स्निग्धांश काढलेल्या दुधाला परवानगी होती, जोडीला व्यायाम होता आणि रुग्ण वैद्यकीय देखरेखीखाली होते. त्यातला एकच आकडा उचलून घरी वापरणे बरोबर नाही.

कच्च्या आहाराचा दीर्घकाळ परिणाम काय होतो, याचा अभ्यास जर्मनीतील गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत कच्चा आहार घेणाऱ्या पुरुषांचे वजन सरासरी ९.९ किलो, तर स्त्रियांचे १२ किलो उतरलेले आढळले. ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. २००५ साली त्यांनी २०१ व्यक्तींच्या रक्ततपासण्या प्रसिद्ध केल्या. एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड चांगले होते, पण अनेकांचे एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, कमी होते आणि ३८ टक्के लोकांत बी१२ ची कमतरता होती. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच रिपोर्टमध्ये होते.

पाळी थांबणे ही 'शरीर शुद्ध होण्याची' खूण नाही. ऊर्जा अपुरी पडते आहे, असे शरीर त्यातून सांगत असते. अशा स्थितीत हाडेही हळूहळू ठिसूळ होऊ लागतात. तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहू नका.

वजन फार झपाट्याने उतरले आणि मेद अगदी नगण्य असला, तर आणखी एक धोका असतो. पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होण्यासाठी जेवणात मेद लागतो. तो नसला की पित्त साचून राहते आणि खडे होण्याची शक्यता वाढते.

तोल साधलेला एक दिवस

- सकाळी : केळी, पपई, चिकू अशी फळे आणि त्यावर एक मोठा चमचा ताजी जवसाची पूड (३ ग्रॅम)
- दुपारी : काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो, मोड आलेले मूग, त्यात २० ग्रॅम भिजवलेले शेंगदाणे वाटून (१० ग्रॅम) आणि एक-दोन चमचे ओला नारळ (५ ग्रॅम)
- चार वाजता : फळे, खजूर आणि भिजवलेले १५ बदाम (९ ग्रॅम)
- रात्री : फळे, पालेभाज्यांचे सॅलड, लिंबू, एक मोठा चमचा तीळ (४.५ ग्रॅम), अक्रोडाच्या चार फोडी (५ ग्रॅम)

फळे आणि भाज्यांतला थोडा मेद धरून एकूण सुमारे ४० ग्रॅम होतो. संपृक्त मेद मर्यादेच्या बराच आत राहतो.

आता या ताटाची दुसरी बाजू. दाणे, बदाम, बिया आणि नारळ मिळून ऊर्जा होते सुमारे ४०० कॅलरी. भाज्या आणि मोड मिळून १५० धरा. १८०० पूर्ण व्हायला अजून साडेबाराशे कॅलरी हव्यात, म्हणजे साधारण १२ मध्यम केळ्यांइतकी फळे. रोज! बहुतेक लोकांना हे जमत नाही. पोट भरते, दात आंबतात, खर्च वाढतो आणि माणूस कमी खाऊन दिवस काढतो. वजन उतरण्याचे खरे कारण इथे असते. म्हणून फळे एवढी जात नसतील, तर मेद ६० ग्रॅमपर्यंत वाढवा, पण तो दाणे आणि बियांतून, नारळातून नव्हे. नाहीतर दिवसातले एक जेवण शिजवलेले घ्या. भाकरी-आमटीच्या एका जेवणाने हा सगळा हिशेब सोपा होतो आणि बाकीचा दिवस कच्चा ठेवायला काही हरकत नाही.

ओमेगा-३ साठी काय खावे?

शेंगदाणे, तीळ, कारळे, सूर्यफुलाच्या बिया यांत ओमेगा-६ भरपूर असते, त्यामुळे ते सहसा कमी पडत नाही. कमी पडते ते ओमेगा-३. त्याचे चांगले शाकाहारी स्रोत म्हणजे जवस, चिया आणि अक्रोड. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल पुरेसे मानले जाते. जवसाच्या एक मोठा चमचा पुडीतून साधारण तेवढे मिळते.

- जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. पूड करूनच खा.
- पूड थोडी थोडी करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला तर टाकून द्या.
- कच्चे जवस दिवसाला एक-दोन मोठ्या चमच्यांपेक्षा जास्त नको. बरोबर भरपूर पाणी प्या.

जवसातल्या ओमेगा-३ चे शरीरात डीएचएमध्ये रूपांतर फार थोडे होते. मेंदू आणि डोळ्यांसाठी लागणारे डीएचए शेवाळापासून काढलेल्या, पूर्णपणे शाकाहारी कॅप्सूलमध्ये मिळते. गर्भवती आणि स्तनदा मातांनी याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.

सुकामेवा आणि बियांबाबत काही सावधगिरी

- बाजारातले 'कच्चे' काजू खरे तर पूर्ण कच्चे नसतात. टरफल फोडण्याआधी बिया वाफवलेल्या किंवा भाजलेल्या असतात, कारण टरफलातले तेल कातडी भाजते. घरी काजूबी फोडून तशीच खाण्याचा प्रयोग करू नका.
- काळसर, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे शेंगदाणे फेकून द्या. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि ते धुऊन जात नाही.
- मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज भरपूर बदाम, काजू आणि कच्च्या पालकाचा रस हे एकत्र टाळावे. या सगळ्यांत ऑक्झलेट जास्त असते.
- राजमा कच्चा किंवा नुसता मोड आणून खाऊ नका. त्याने विषबाधा होते.

हा आहार कोणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये?

- गर्भवती आणि स्तनदा माता, लहान मुले, किशोरवयीन मुले-मुली
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. जेवण बदलले आणि औषध तेच राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते
- रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणारे. पालेभाज्या अचानक वाढल्या की औषधाचा परिणाम कमी होतो
- मूत्रपिंडाचा, आतड्याचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, पित्ताशयात खडे असलेले
- ट्रायग्लिसराइड वाढलेले. मेद तोडून फळे, रस आणि खजूर खूप वाढवले तर ते आणखी वाढू शकते
- आधीच वजन कमी असलेले, नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले आणि वृद्ध

कोणत्या तपासण्या कराव्यात?

आहार सुरू करण्याआधी, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, लिपिड प्रोफाइल आणि साखर तपासून घ्या. बी१२ वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. त्यामुळे कोणत्याही व्हेगन व्यक्तीने ते गोळीच्या रूपात घेणे आवश्यक आहे. किती घ्यायचे ते तपासणी पाहून डॉक्टर सांगतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बदाम भिजवल्याने त्यातला मेद कमी होतो का?
नाही. ते मऊ होतात, चावायला आणि पचायला सोपे जातात, एवढेच.

माझे एलडीएल वाढले आहे. सगळा सुकामेवा बंद करू का?
नको. आधी नारळाचे दूध, सुके खोबरे आणि खोबरेल तेल कमी करा. बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांतला मेद बहुतांशी असंपृक्त असतो आणि मर्यादित प्रमाणात तो हृदयाला फायद्याचा ठरतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र परस्पर थांबवू नका.

रोज मोजमाप करत बसायचे का?
आठवडाभर मोजा. नंतर डोळ्यांना अंदाज येतो. सोपा नियम असा : दिवसभरात दोन छोट्या मुठी दाणे-सुकामेवा, एक-दोन चमचे बिया, नारळ चवीपुरता आणि तेल शक्यतो नाही. सुकामेवा डब्यातून थेट खाऊ नका, वाटीत काढून घ्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

तीन महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट, पाळी थांबणे, हातापायांना मुंग्या, चक्कर, सततचा थकवा किंवा जेवणानंतर पोटात उजव्या बाजूला वर तीव्र दुखणे, यांपैकी काहीही जाणवले तर तपासून घ्या. जाताना आठवडाभर काय खाल्ले याची वही बरोबर न्या. बरेचदा निदान त्या वहीतच सापडते. घरच्यांनीही वाद घालण्यापेक्षा ही वही लिहायला मदत केली, तर त्याचा उपयोग अधिक होतो.

*या लेखातील माहिती सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. स्वतःच्या आहारात किंवा औषधांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा किंवा आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.*